अमेरिकेत बंदुकीवरच्या संशोधनाला पैसे कोण देतं?

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाला की इकडे मराठी घरांतले फोन सुरू होतात. लेक न्यू जर्सीत, भाचा डॅलसला, नातू तिसरीत. "तुमच्यापासून लांब आहे ना ते?" हा पहिला प्रश्न. दोन दिवस टीव्ही बघून झाला की दुसरा: एवढी विद्यापीठं, एवढे नोबेलवाले, मग यांना यावर उपाय कसा सापडत नाही?

याचं राजकीय उत्तर बहुतेकांना तोंडपाठ आहे: बंदूक बाळगण्याचा घटनादत्त हक्क, त्यामागची ताकदवान लॉबी, दोन पक्षांत फाटलेला देश. पण हिशेबाच्या वहीतही एक उत्तर आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. दोन दशकांहून जास्त काळ अमेरिकेच्या केंद्र सरकारने बंदुकीमुळे माणसं कशी आणि का मरतात, हे शोधायला जवळपास पैसेच दिले नाहीत. त्यासाठी संशोधनावर बंदी घालावी लागली नाही. 26 लाख डॉलर एका कामावरून काढून दुसऱ्या कामाला लावले, तेवढं पुरलं.

मरतात किती आणि कसे

2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 46,728 माणसं गेली. यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. इथेच बाहेरून बघणाऱ्याचं पहिलं गणित चुकतं. आपल्यापर्यंत पोचतात ते मॉलमधले आणि शाळांमधले सामूहिक गोळीबार, पण एकूण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा अगदी लहान आहे. बाकीचे मृत्यू घराच्या चार भिंतींत, गल्लीच्या कोपऱ्यावर, नवरा-बायकोच्या भांडणात किंवा एकट्या माणसाच्या खोलीत होतात आणि ते राष्ट्रीय बातमीत येत नाहीत. 2020 पासून एक ते एकोणीस या वयोगटात बंदूक हे तिथलं मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण झालं आहे. त्याआधी तो क्रमांक मोटार अपघातांचा होता.

आता एक संज्ञा समजून घेऊ, ती पुढे लागेल. सार्वजनिक आरोग्य संशोधन म्हणजे एका रुग्णाऐवजी अख्ख्या समाजाची नाडी बघणं. गोळी लागलेला माणूस वाचवायचा कसा, हे सर्जन बघतो. गोळी कुणाला लागते, कुठल्या घरात, कुठल्या वेळी, बंदूक कुठून आली आणि या साखळीतली कुठली कडी तोडली तर पुढचा माणूस रुग्णालयात येणारच नाही, हे आरोग्य संशोधक बघतो.

अमेरिकेने हे काम मोटारींच्या बाबतीत करून दाखवलं आहे. 1966 मध्ये तिथे वाहन सुरक्षेचे कायदे झाले, अपघातांची पद्धतशीर नोंद सुरू झाली आणि त्या नोंदींवर वर्षानुवर्षं संशोधन झालं. सीटबेल्ट, एअरबॅग, आघात झेलणारं स्टिअरिंग, दारू पिऊन चालवणाऱ्यांवर कारवाई, नवशिक्या पोरांना टप्प्याटप्प्याने लायसन्स, हे सगळं त्यातून निघालं. 1966 मध्ये दर दहा कोटी मैलांच्या प्रवासामागे साडेपाच माणसं मरत होती. आता ती संख्या दीडच्याही खाली आहे. या सगळ्यात कुणाची मोटार काढून घेतली गेली नाही.

शेजाऱ्याचं दार ठोठावणारा अभ्यास

अटलांटात सीडीसी नावाची रोगनियंत्रणाची केंद्रीय संस्था आहे. कोविडच्या काळात तिचं नाव आपल्याकडेही घरोघरी पोचलं होतं. 1992 मध्ये तिने इजा आणि अपघात प्रतिबंधासाठी वेगळं केंद्र सुरू केलं. पडणं, भाजणं, बुडणं, वाहन अपघात यांच्यासोबत बंदुकीच्या जखमाही त्याच्या यादीत आल्या.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1993 मध्ये, डॉ. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. पैसा सीडीसीचा होता. पुढचं सगळं रामायण या एका अभ्यासाभोवती फिरतं, म्हणून तो केला कसा ते नीट बघू.

मेम्फिस, सिअ‍ॅटल आणि क्लीव्हलंड ही शहरं ज्या तीन काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) येतात, तिथे स्वतःच्याच घरात खून झालेल्या माणसांची यादी काढली. मग प्रत्येक मृताशी वय, लिंग आणि वंश जुळणारा एक जिवंत माणूस त्याच परिसरात शोधला. त्यासाठी मृताच्या घराभोवतीचा एक ब्लॉक सोडून द्यायचा आणि तिथून पुढे दारं ठोठावत जायचं. मृताच्या नातेवाइकांना आणि या शेजाऱ्याला प्रश्न तेच: घरात बंदूक आहे का? कोणी दारू पितं का? अमली पदार्थ? घरात मारहाण होते का? घर भाड्याचं की स्वतःचं? अशा 388 जोड्या जमल्या.

इतर कारणांचा परिणाम वजा केल्यावर दिसलं की, बंदूक असलेल्या घरात खून होण्याची शक्यता 2.7 पट होती. मारणारा अनोळखी चोर असण्याचं प्रमाण थोडं होतं. चारांतल्या तिघांना नातेवाइकाने किंवा ओळखीच्या माणसाने मारलं होतं. "घराच्या रक्षणासाठी बंदूक" या जाहिरातीच्या बरोबर उलट हा निष्कर्ष होता.

या अभ्यासावर एक आक्षेप आला आणि माझ्या मते तो फालतू नव्हता. ज्यांना आधीच जिवाची भीती आहे तीच माणसं बंदूक विकत घेत असतील, तर खुनाचं कारण बंदूक की मुळातला धोका? शास्त्रात अशा आक्षेपाला उत्तर असतं ते पुढचा, मोठा आणि वेगळ्या पद्धतीचा अभ्यास. इथे तो व्हायला जवळपास तीन दशकं लागली.

26 लाख डॉलर

बंदूकधारकांची संघटना नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए, खवळली. सीडीसीचं ते अख्खं केंद्रच बंद करा, ही तिची मागणी होती. तिच्या संशयाला हवा देणारी विधानंही सीडीसीतून झाली होती. सिगारेटकडे बघण्याची लोकांची नजर जशी बदलली तशी बंदुकीकडे बघण्याचीही बदलायला हवी, असं तिथले एक वरिष्ठ अधिकारी, डॉ. मार्क रोझेनबर्ग, 1994 मध्ये वृत्तपत्राशी बोलताना म्हणाले होते. बंदूकवाल्यांनी त्याचा अर्थ एकच काढला: निकाल आधीच ठरलाय, अभ्यास नंतर होणार आहे.

अमेरिकेत कुठल्या खात्याला किती पैसा द्यायचा, हे तिथली संसद दरवर्षी खर्चाच्या विधेयकातून ठरवते. धोरण बदलायचं असेल पण उघड कायदा करणं अडचणीचं असेल, तर या विधेयकात एखादं वाक्य घुसडून देता येतं. 1996 मध्ये आर्कन्सॉचे रिपब्लिकन खासदार जे डिकी यांनी तेच केलं. वाक्याचा आशय असा होता की, इजा प्रतिबंधासाठी सीडीसीला दिलेला पैसा बंदूक नियंत्रणाची वकिली किंवा प्रचार करायला वापरता येणार नाही.

पुन्हा वाचा. संशोधन करू नका, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पण सोबत आणखी एक गोष्ट झाली. आदल्या वर्षी बंदुकीवरच्या संशोधनाला जेवढा खर्च झाला होता, बरोबर तेवढीच रक्कम, 26 लाख डॉलर, सीडीसीच्या त्या कामातून काढून डोक्याला होणाऱ्या इजांच्या अभ्यासाकडे वळवली गेली.

बंदी नव्हती, मग काम थांबलं कसं?

समजा, तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव झाला: "सोसायटीच्या पैशातून पुनर्विकासाचा प्रचार करायचा नाही." ठीक, कोणाला हरकत असणार? मग त्याच सभेत, गेल्या वर्षी स्ट्रक्चरल ऑडिटवर जेवढे रुपये गेले तेवढेच्या तेवढे त्या खात्यातून काढून लिफ्टच्या रंगरंगोटीला दिले. ऑडिट करू नका असं कोणीच म्हटलेलं नाही. पण आता सेक्रेटरी ऑडिट करवेल? इंजिनिअरने "इमारत धोकादायक" असं लिहून दिलं, तर तो पुनर्विकासाचा प्रचार ठरेल की नाही, हे कोण सांगणार? सेक्रेटरीला पुढच्या वर्षीही सेक्रेटरी राहायचंय. तो गप्प बसतो आणि पिलरला तडे जात राहतात.

सीडीसीचं नेमकं हेच झालं. प्रचार कशाला म्हणायचं याची व्याख्या कोणीच केली नाही, त्यामुळे अधिकाऱ्यांनी स्वतःच रेघ फार अलीकडे मारून घेतली. ही भीती कुठवर गेली होती? 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की, सीडीसीच्या पैशावर काम करणारे संशोधक बंदुकीशी संबंधित काही छापणार असतील तर ते सीडीसीला आधी कळवतात, आणि सीडीसी ती खबर सौजन्य म्हणून एनआरएला पोचवते. सौजन्य!

वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणारी तिथली सर्वांत मोठी सरकारी संस्था म्हणजे एनआयएच. तिच्या पैशातून फिलाडेल्फियात झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. जवळ बंदूक बाळगणारा माणूस हल्ल्यात गोळी लागण्यापासून जास्त सुरक्षित असतो, असं काही त्यात दिसलं नाही, उलटच दिसलं. थोड्याच काळात, 2012 च्या खर्चाच्या विधेयकात, तेच निर्बंधाचं वाक्य एनआयएचलाही लागू झालं.

डिसेंबर 2012 मध्ये सँडी हुकच्या प्राथमिक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. ओबामांनी महिन्याभरात सीडीसीला संशोधन सुरू करण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी एक कोटी डॉलर मागितले. संसदेने ते मंजूरच केले नाहीत. आदेश कागदावर, तिजोरीची किल्ली संसदेकडे.

किती तुटवडा होता, हे 2017 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका हिशेबाने दाखवलं. एखाद्या कारणाने जितके लोक मरतात, त्या मानाने त्याच्या संशोधनाला किती पैसा मिळतो, हे तीस प्रमुख कारणांसाठी मोजलं गेलं. 2004 ते 2015 या काळात बंदुकीच्या हिंसेला मिळालेला केंद्रीय निधी सुमारे 2.2 कोटी डॉलर. मृत्यूंच्या प्रमाणात तो 1.4 अब्ज असायला हवा होता. म्हणजे शंभरातले दोनसुद्धा नाहीत. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेली जीवघेणी प्रतिक्रिया, साधारण तेवढेच जीव घेतो. त्याच्या निधीच्या तुलनेत बंदुकीला एक टक्काही मिळाला नव्हता.

मधली वीस वर्षं कोणी तग धरला?

अमेरिकी विद्यापीठांत संशोधकाचा स्वतःचा पगारही बऱ्याचदा ग्रँटमधून, म्हणजे ठरावीक प्रकल्पासाठी मिळालेल्या अनुदानातून निघतो. ग्रँट नाही तर सहाय्यक नाहीत, पीएचडीचे विद्यार्थी नाहीत, प्रयोगशाळेचं भाडं नाही. गाइडच विद्यार्थ्याला सांगायचा: बाबा रे, या विषयात पडू नकोस, कॅन्सर घे. पूर्ण वेळ याच विषयाला वाहून घेतलेले संशोधक देशभरात जेमतेम डझनभर उरले.

त्यांतले एक डॉ. गॅरन विंटेम्यूट, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत आपत्कालीन विभागाचे डॉक्टर. सीडीसीचा पैसा बंद झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशात हात घातला. पुढच्या वर्षांत त्यांनी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम या कामात घातली. एका माणसाच्या बचतीवर देशाची आरोग्य आकडेवारी चालली, यात कौतुक करावं की लाज वाटून घ्यावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खासगी संस्थांमध्ये शिकागोच्या जॉइस फाउंडेशनने 1990 च्या दशकापासून हा विषय धरून ठेवला. 2018 मध्ये अर्नोल्ड या धनाढ्य दांपत्याच्या संस्थेने दोन कोटी डॉलर दिले आणि त्याचं वाटप रँड या अभ्याससंस्थेकडे सोपवलं. काही राज्यंही पुढे आली. कॅलिफोर्नियाने पाच वर्षांसाठी 50 लाख डॉलर देऊन 2017 मध्ये डेव्हिसला संशोधन केंद्र काढलं, न्यू जर्सीने 2018 मध्ये रटगर्स विद्यापीठात. एडिसनच्या मराठी मंडळींच्या कराचा एखादा सेंट त्यात गेला असेलच.

खासगी पैसा आहे तर सरकार कशाला?

रास्त प्रश्न आहे. पहिली अडचण विश्वासाची. न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग बंदूक नियंत्रणाची चळवळही चालवतात आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य शाखेला प्रचंड देणग्याही देतात. तिथला अभ्यास कितीही चोख असो, समोरचा म्हणणार, पैसा कोणाचा ते बघा. दुसऱ्या बाजूच्या पैशातून निघालेल्या आकड्यांबद्दलही हेच म्हटलं जातं. सरकारी ग्रँटचा फायदा इथे आहे: अर्जांची छाननी त्या विषयातले, एकमेकांशी स्पर्धा करणारे तज्ज्ञ करतात आणि देणाऱ्याला एक विशिष्ट उत्तर हवं असण्याची शक्यता कमी होते. कमी, शून्य नव्हे.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. एखादा अभ्यास खासगी पैशात होईल, पण देशभरच्या मृत्यूंची नोंदवही कोण ठेवणार? प्रत्येक हिंसक मृत्यूमागे मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलिसांचे कागद अशा तीन ठिकाणी माहिती विखुरलेली असते. ती एकत्र करणारी राष्ट्रीय नोंदप्रणाली 2002 मध्ये फक्त सहा राज्यांत सुरू झाली. पन्नासही राज्यं तिच्यात यायला 2018 उजाडलं. सीडीसी राज्यांना पैसे देते, राज्याचे कर्मचारी काउंटीकाउंटीतून कागद गोळा करतात. हे कंटाळवाणं काम आहे, त्यावर कुठल्याच दानशूराचं नाव कोरता येत नाही.

पैसा असला की काय दिसतं, हे 2020 मध्ये कळलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या सुमारे 2 कोटी 60 लाख प्रौढांच्या नोंदी तपासल्या. त्या राज्यात पिस्तूल विक्रीची नोंद सरकारकडे राहते, म्हणूनच हे शक्य झालं. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठ पट निघालं, स्त्रियांमध्ये तब्बल पस्तीस पट. 2022 मध्ये त्याच गटाने पिस्तूलधारकासोबत राहणाऱ्या पण स्वतःकडे पिस्तूल नसलेल्या माणसांचा अभ्यास मांडला. त्यांच्यात खुनाने मरण्याचं प्रमाण दुप्पट होतं. 1993 च्या आक्षेपाला मिळालेलं हे उत्तर, निम्मं का होईना. 2020 च्या अभ्यासाला केंद्र सरकारचा पैसा नव्हता, खासगी निधी आणि विद्यापीठाचा होता.

"हे सगळं बंदुका काढून घेण्यासाठीच ना?"

हा आक्षेप सर्वांत जुना आहे, आणि त्याला न्यू हॅम्पशायरमधली एक गोष्ट उत्तर म्हणून पुरेशी आहे. 2009 मध्ये तिथल्या एका बंदूक दुकानातून आठवड्याभरात तीन माणसांनी बंदुका घेतल्या आणि काही तासांतच तिघांनीही जीव दिला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दुकानदार हादरला. हार्वर्डच्या संशोधक कॅथरीन बार्बर आणि स्थानिक आरोग्य कार्यकर्ते यांच्यासोबत बसून त्याने आणि इतर दुकानदारांनी मार्गदर्शिका तयार केली: गिऱ्हाईक अस्वस्थ दिसलं तर काय विचारायचं, विक्री कधी नाकारायची, घरात कोणी निराश असेल तर काही दिवस बंदूक बाहेर कुठे ठेवायची. ही पद्धत पुढे इतर राज्यांत गेली. तिच्या मुळाशी संशोधनातून पुढे आलेली दोन निरीक्षणं आहेत. आत्महत्येचा आवेग बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, आणि प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहातले नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

शिवाय अज्ञानाचा तोटा बंदूकप्रेमींनाही होतो. रँडने 2018 पासून बंदुकीच्या कायद्यांवरचे अभ्यास तपासायला घेतले. मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने बंदूक ठेवण्याच्या सक्तीने तरुणांतल्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू कमी होतात, याला चांगला पुरावा सापडला. पण बऱ्याच कायद्यांबद्दल "ठोस पुरावा नाही" असंच लिहावं लागलं. स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा खरोखर किती उपयोग होतो, हा एनआरएचा हक्काचा मुद्दा. त्यावरही भरवशाचे अभ्यास नाहीत.

खुद्द जे डिकींचं मतही बदललं. 1996 च्या लढाईत समोरासमोर असलेले डिकी आणि रोझेनबर्ग पुढे मित्र झाले. जुलै 2012 मध्ये दोघांनी मिळून वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिला की, संशोधन व्हायला हवं. डिकी 2017 मध्ये वारले. त्यांचं वाक्य मात्र आजही विधेयकात आहे.

पैसा परत आला, पुढे?

फेब्रुवारी 2018 मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेले. त्यानंतर संसदेने खुलासा केला की, सीडीसीला बंदूक हिंसेच्या कारणांवर संशोधन करता येतं. डिसेंबर 2019 मध्ये, तेवीस वर्षांनी, प्रत्यक्ष पैसा मंजूर झाला: वर्षाला 2.5 कोटी डॉलर, निम्मे सीडीसीला, निम्मे एनआयएचला. पुढची काही वर्षं तो आकडा तसाच राहिला. एनआयएचचं एकूण अंदाजपत्रक सुमारे 48 अब्ज डॉलरचं आहे. त्यात या विषयाचा वाटा दर चार हजार डॉलरमागे एक डॉलर इतका पडतो. आणि पैसा आला म्हणून संशोधक लगेच मिळत नाहीत. 1996 नंतर विषय सोडून गेलेले आता निवृत्तीला आलेत, त्यांच्या हाताखाली तयार व्हायला हवी होती ती पिढी झालीच नाही.

जून 2024 मध्ये देशाचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर सरकारतर्फे बोलणारे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी बंदूक हिंसेला सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हणून जाहीर केलं. मूर्ती मूळचे कर्नाटकातल्या कुटुंबातले. सरकार बदललं आणि मार्च 2025 मध्ये तो दस्तऐवज सरकारी संकेतस्थळावरून काढण्यात आला. एप्रिलमध्ये आरोग्य खात्यात मोठी कर्मचारी कपात झाली आणि सीडीसीच्या इजा प्रतिबंध केंद्रातले बरेच जण घरी गेले. पुढच्या वर्षासाठी ट्रम्प सरकारने मांडलेल्या अंदाजपत्रकात ते केंद्रच बंद करण्याचा प्रस्ताव होता. 1996 मध्ये एनआरएला जे जमलं नव्हतं, तेच.

ऑगस्टमध्ये, कोविड लशीवर राग धरलेल्या एका माणसाने अटलांटात सीडीसीच्या मुख्यालयावर शेकडो गोळ्या झाडल्या. इमारतींच्या काचा फुटल्या, एक पोलीस अधिकारी मारला गेला. सीडीसीची पद्धत लावायची तर त्या मृत्यूचीही तीन कागदांवरून एक नोंद करायची: दाखला, शवविच्छेदन, पोलीस अहवाल. ती करणारा राज्याचा कर्मचारी सीडीसीच्याच पैशावर कामाला असतो.